एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती अडचणींवर सल्ला देणारी चौकट असते. तीत एका वाचकाने विचारलं होतं, ‘स्वयंपाकघराचा एमसीबी सारखा पडतो, काय करावं?’ (एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका.) त्या प्रश्नावर उत्तर छापून आलं की १६ अँपिअरच्या जागी २५ किंवा ३२ अँपिअरचा बसवून घ्या, त्रास थांबेल. त्रास थांबेल हे खरंच आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे. हे उत्तर मागे घ्यावं आणि दुरुस्ती ठळकपणे छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. असा सल्ला हजार घरांत वाचला जातो आणि त्यातले काही जण त्याच दिवशी वायरमनला फोन करतात.

मी घरांच्या वायरिंगची कामं घेतो. नव्या घरांपेक्षा जुनं वायरिंग काढून नवं ओढण्याचं काम माझ्याकडे जास्त येतं, त्यामुळे असे सल्ले पाळल्यावर भिंतीच्या आत काय होतं ते माझ्या हातात येतं. एका घरी स्वयंपाकघराच्या बोर्डाची वायर पाइपातून ओढून काढली. तांब्याची अडीच स्क्वेअरची वायर, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर छेदाची. डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, तिच्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी. बोर्डापासचा हातभर तुकडा लाल राहिलाच नव्हता, तपकिरी झाला होता. बोटाभोवती वळवला तर वरचं प्लास्टिक वळलं नाही, तडकलं, आणि फटीतून तांबं दिसायला लागलं. शेजारची न्यूट्रलही तशीच. दोन्ही एकाच पाइपात एकमेकींना चिकटून. घरच्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘मोठा बसवल्यापासून एकदाही पडला नाही हो, उलट सुखच आहे.’ त्या पाइपाच्या पुढे प्लायवूडची कपाटं होती.

एमसीबी घरातली उपकरणं राखण्यासाठी नसतो, माणूस राखण्यासाठीही नसतो. तो वायर राखतो. वायरमधून तिच्या ताकदीबाहेर करंट जायला लागला की ती तापते, आणि ती तापून खराब होण्याच्या आत एमसीबीने वाट तोडायची, एवढंच त्याचं काम. त्यासाठी त्याच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी, जी करंटने हळूहळू तापते आणि वाकून खटका सोडते. दुसरी लोहचुंबकाची गुंडाळी, जी शॉर्ट सर्किट झालं की सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास खटका ओढते. पट्टीवाली यंत्रणा मुद्दाम सावकाश ठेवलेली असते. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, आयईसी ६०८९८ प्रमाणे, त्याने आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर न पडता सोसला पाहिजे आणि १.४५ पट झाला तर तासाभराच्या आत पडलं पाहिजे. आता हिशोब करा. १६ अँपिअरचा एमसीबी साधारण १८ अँपिअर तासभर चालू देईल आणि २३ अँपिअरला तासाच्या आत पडेल. ३२ अँपिअरचा मात्र ३६ अँपिअरला तासभर ढिम्म हलणार नाही आणि ४६ अँपिअरलाही पडायला तास घेऊ शकतो. आणि अडीच स्क्वेअरची वायर? भिंतीवरच्या पाइपात एकटी असेल आणि हवा ३० अंशांची असेल, तर २४ अँपिअर. तेवढ्यावर तिचं तांबं ७० अंशांना पोचतं, आणि साध्या पीव्हीसी वेष्टनाची कायमची सोसण्याची हद्द तीच आहे.

‘एकटी’ आणि ‘३० अंश’ हे दोन शब्द वाचताना सहज निसटतात, म्हणून त्यांवर जरा थांबतो. उन्हाळ्यात भिंतीजवळची हवा ४० अंशांना गेली की हीच वायर २४ च्या फक्त ०.८७ पट करंट पेलू शकते. त्याच पाइपात तीन सर्किटं कोंबली आणि तिन्हींवर एकाच वेळी भार आला, तर आणखी ०.७० ने गुणायचं, कारण प्रत्येक वायर दुसरीची उष्णता अडवते. २४ गुणिले ०.८७ गुणिले ०.७० म्हणजे साडेचौदा अँपिअर. म्हणजे अशा पाइपात अडीच स्क्वेअरवर १६ अँपिअरचा एमसीबीसुद्धा मोठा ठरतो. तिथे एक तर चार स्क्वेअरची वायर हवी, जी याच हिशोबाने साडेएकोणीसपर्यंत जाते, नाहीतर पाइप वेगळे हवेत, नाहीतर एमसीबी लहान हवा. पाइप किती जाड घ्यायचा आणि त्यात किती वायरी घालायच्या हे ओढायला सोपं जावं म्हणून ठरवतात, असा समज कामावरच्या पोरांमध्येही असतो. उष्णतेचा हिशोब फार कमी जण करतात.

तर मग एमसीबी पडतो त्याचं काय करायचं? आधी तो कसा पडतो ते पाहायचं. तो स्वतःच बरंच सांगतो. वर केल्याबरोबर खाली येत असेल, सगळे प्लग काढून ठेवले तरी येत असेल, तर वायरिंगमध्येच शॉर्ट आहे. तो परत परत वर करून बघायचा नाही, कारण दर वेळी त्या ठिकाणी ठिणगी उडते. एकच उपकरण लावलं की पडत असेल तर दोष त्या उपकरणात. मोटर सुरू होतानाच पडत असेल तर एमसीबीचा प्रकार चुकला असण्याची शक्यता आहे. बी प्रकाराचा एमसीबी आपल्या आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला झटक्यात पडतो, सी प्रकाराचा ५ ते १० पटींना. दिवे आणि हीटर यांना बी पुरतो. फ्रिज, एसी, पंप यांना सुरुवातीचा झटका असतो म्हणून सी. ही चूक असेल तर प्रकार बदलायचा, अँपिअर तेच ठेवायचे. तेही घरातला फॉल्ट लूप, म्हणजे बिघाड झाल्यावर करंट ज्या पूर्ण वाटेने फिरतो तिचा रेझिस्टन्स, मोजून, कारण सी प्रकाराला झटक्यात पडण्यासाठी बी च्या दुप्पट फॉल्ट करंट मिळावा लागतो.

आणि दहा-पंधरा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने पडत असेल तर तो सरळ ओव्हरलोड. आपल्या वाचकाचं हेच असावं असं मला वाटतं. २००० वॉटची इंडक्शन शेगडी ८.७ अँपिअर घेते. १५०० वॉटचा ओव्हन साडेसहा, तेवढ्याच वॉटची किटली आणखी साडेसहा. झाले पावणेबावीस, १६ च्या एमसीबीवर. शेगडीही चालते, ओव्हनही तापतो, सगळं सुरळीत वाटतं आणि मध्येच अंधार होतो. मग ‘इतका वेळ चाललं ना, म्हणजे एमसीबीच खराब’ असं निदान होतं. एमसीबी खराब नाही. पट्टी तापायला तेवढा वेळ लागतो, इतकंच. बंद डीबीत दाटीवाटीने एमसीबी बसवले असतील तर तो थोडा आधीच पडेल, कारण त्याचा आकडा ३० अंश तापमान धरून दिलेला असतो. यावर उपाय एकच, तो भार दोन सर्किटांवर वाटणं. डीबीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणखी एक वायर ओढायची, तिची न्यूट्रल वेगळी, तिची अर्थ वेगळी, तिचा एमसीबी वेगळा. हे काम त्रासाचं आहे, भिंतीला झिरी मारावी लागते, रंग जातो. एमसीबी बदलणं पाच मिनिटांचं काम. म्हणूनच चुकीचा उपाय इतका चालतो.

हा सगळा त्रास टळला असता तो भिंती फोडायच्या आधी, कागदावर. घर बांधताना किंवा नव्याने करताना लोक फरशी, दिवे, ओट्याची उंची यांवर महिनाभर बोलतात. विजेचं काम मात्र ‘कुठे कुठे पॉइंट हवेत’ एवढ्यावर संपतं. भिंतीवर खडूने चौकोन काढले की झालं. पॉइंट कुठे हे ठरलं, पण कोणता पॉइंट कोणत्या सर्किटवर, हे कोणी ठरवलंच नाही. ते मग वायर ओढणारा पोरगा जागेवर ठरवतो, जिथून जवळ पडेल तिथून लूप घेऊन. त्याचा दोष नाही, त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं.

मी जो कागद करतो त्याची सुरुवात उपकरणांपासून होते. कोणत्या खोलीत काय चालणार, किती वॉटचं, आणि एकाच वेळी काय काय. पाच वर्षांनी काय येईल तेही विचारतो, कारण ज्या घरात आज एसी नाही तिथे उद्या येतोच, आणि विजेवरची गाडी आली तर तिचा चार्जर तासन्‌तास पूर्ण भाराने चालतो, म्हणून त्याला डीबीतून थेट स्वतंत्र वायर हवी. मग सर्किटं पाडायची. पाणी तापवण्याचा गीझर स्वतंत्र, प्रत्येक एसी स्वतंत्र, वॉशिंग मशीन स्वतंत्र, कारण पाणी तापवणारं मशीन एकटंच २००० वॉटच्या आसपास घेतं. स्वयंपाकघराच्या ओट्याला पॉवरची निदान दोन सर्किटं. फ्रिज एकटा, म्हणजे ओट्यावरच्या किटलीने एमसीबी पाडला तरी फ्रिज बंद पडून घरचे गावाहून येईपर्यंत तसाच राहणार नाही. दिव्यांची निदान दोन सर्किटं, आणि तीही अशी की एक गेलं तरी जिन्यात, बोळात आणि खुद्द डीबीसमोर उजेड राहील. सगळं घर अंधारात असताना डीबीपाशी चाचपडत जायला लागू नये.

सर्किटं झाली की प्रत्येकाचा करंट काढायचा. त्यावरून आणि वर सांगितलेल्या उष्णतेच्या हिशोबावरून वायर ठरवायची, आणि वायर ठरल्यावर एमसीबी. क्रम असाच. एमसीबीचा आकडा उपकरणाच्या करंटपेक्षा लहान नको आणि वायर जितका करंट पेलते त्यापेक्षा मोठा नको. या दोन्हींमध्ये त्याला जागा मिळत नसेल तर वायर वाढवायची. डीबीत तीन-चार जागा रिकाम्या ठेवायच्या. हे सगळं एका पानावर मावतं.

आता माणसाकडे येतो, कारण एमसीबी बसवले म्हणजे घर सुरक्षित झालं, असं मला चांगले शिकलेले लोक सांगतात. ९ वॉटचा साधा एलईडी दिवा ४० मिलिअँपिअर किंवा थोडा जास्त करंट घेतो. तेवढाच करंट छातीतून दोन-तीन सेकंद गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. घरात सहसा बसवतात त्यातल्या लहान, ६ अँपिअरच्या एमसीबीला हा करंट म्हणजे काहीच नाही. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं होतं की हातात धरलेली तार सोडता येणं कुठे थांबतं: पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांत साडेदहा. त्यापुढे स्नायू आवळतात आणि हात उघडत नाही. याच डॅल्झील यांनी पुढे १९६१ मध्ये गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण बनवलं.

आपल्या डीबीत बसतो तो आरसीसीबी याच जातीचा. फेजवरून गेलेला करंट आणि न्यूट्रलवरून परत आलेला करंट यांची तो सतत तुलना करतो. जरा कमी परत आला, म्हणजे मधला करंट कुठून तरी, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, जमिनीत गेला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान पडतो. ३० ला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात, आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात.

‘अर्थिंग चांगलं आहे, मग आरसीसीबी कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर मी गीझरवर करून दाखवतो. समजा गीझरचं हीटिंग एलिमेंट फुटलं आणि फेज त्याच्या लोखंडी अंगाला लागली. घराचं अर्थिंग नुसतं जमिनीतल्या इलेक्ट्रोडवर आहे आणि त्या सगळ्या वाटेचा रेझिस्टन्स १० ओहम आहे. २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. १६ चा एमसीबी याला पडेल न पडेल अशा काठावर असतो, तासभर लावू शकतो. २० ओहम असेल तर साडेअकरा अँपिअर, म्हणजे एमसीबी कधीच पडणार नाही. आणि तेवढा वेळ गीझरचं अंग आणि त्याला जोडलेला धातूचा नळ जिवंत. सी प्रकाराचा १६ चा एमसीबी झटक्यात पडण्याची खात्री हवी तर १६० अँपिअर जायला हवेत, म्हणजे पूर्ण वाटेचा रेझिस्टन्स १.४ ओहमच्या आत हवा. वीजपुरवठा करणाऱ्यांनी अर्थची तार आपल्या न्यूट्रलला जोडून घरापर्यंत आणून दिली असेल तर हे साधतं. नुसत्या इलेक्ट्रोडवर ते साधणं फार कठीण. तिथे आरसीसीबीला पर्याय नाही. आणि उलटंही तितकंच खरं. अर्थ तुटलेली असेल तर बिघडलेल्या गीझरचा करंट जमिनीत जायला वाटच नसते, आणि ती वाट पहिल्यांदा मिळते ती हात लावणाऱ्या माणसातून. आरसीसीबी तेव्हाही पडेल, पण झटका बसल्यावर. अर्थ असेल तर कोणी हात लावायच्या आधीच पडतो. दोन्ही हवेत. सॉकेटची अर्थ पिन आणि न्यूट्रल आतल्या आत जोडून ‘अर्थिंग करून देणारे’ महाभाग आहेत. तसल्या सॉकेटची न्यूट्रल मागे कुठे तुटली की फ्रिजच्या दारावर थेट फेज येते.

आरसीसीबीलाही मर्यादा आहेत, त्या लपवू नयेत. एक हात फेजला आणि एक न्यूट्रलला लागला आणि माणूस कोरड्या लाकडी स्टुलावर असेल, तर जाणारा आणि येणारा करंट सारखाच राहतो, आरसीसीबीला काही कळत नाही. ओव्हरलोड आणि शॉर्ट तो ओळखत नाही, म्हणून त्याच्याबरोबर एमसीबी लागतोच. दोन्ही एकाच डबीत हवे असतील तर आरसीबीओ मिळतो. प्रत्येक सर्किटला एक आरसीबीओ लावला तर एका सर्किटच्या गळतीने अर्धं घर बंद होत नाही. खर्च जास्त येतो, पण निदान गीझर, वॉशिंग मशीन आणि बाहेरच्या सॉकेटना तरी मी तो आग्रहाने लावतो. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी अशा इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या गळतीत डीसीचा अंश येऊ शकतो. जुन्या ‘एसी’ प्रकाराचा आरसीसीबी (हे त्याच्या प्रकाराचं नाव, खोली थंड करणाऱ्या एसीशी संबंध नाही) तशी गळती नीट ओळखत नाही, म्हणून तिथे निदान ‘ए’ प्रकार. प्रकाराची खूण त्याच्या तोंडावरच छापलेली असते.

आता आरसीसीबी ‘विनाकारण’ पडण्याबद्दल. विनाकारण तो जवळपास कधीच पडत नाही. एक कारण म्हणजे साचलेली गळती. संगणक, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्यातल्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडा करंट नेहमीच अर्थमध्ये जात असतो. एकाच आरसीसीबीमागे असं सगळं घर लावलं की तो आधीच काठावर बसतो आणि पावसाळ्यात एखादा बाहेरचा सॉकेट दमट झाला की जातो. नेहमीची गळती आरसीसीबीच्या आकड्याच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ३० च्या आरसीसीबीला ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवावी, असा संकेत आहे. म्हणजे पुन्हा कागदावरच्या वाटणीपाशीच आलो.

दुसरं कारण न्यूट्रल. एका घरी बेडरूमचा पंखा लावला की आरसीसीबी पडायचा. पंखा बदलून झाला, रेग्युलेटर बदलून झाला. शेवटी कोणी तरी आरसीसीबीच्या वरून खाली दोन तारा थेट जोडून टाकल्या होत्या. तो डीबीत दिमाखात उभा होता, बटणही होतं, आणि त्याच्यातून काही जातच नव्हतं. बेडरूमचा स्विचबोर्ड उघडला तर पंख्याची फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल शेजारच्या खोलीच्या बोर्डातून उसनी घेतलेली. ती खोली आरसीसीबीमागे नव्हतीच. पंख्याचा करंट आरसीसीबीतून गेला आणि त्याला वळसा घालून परत आला, तर त्याला गळतीच दिसणार. दोन मीटर वायर वाचवण्यासाठी हे केलेलं होतं. न्यूट्रल जागेवर आणली, त्या दोन तारा काढल्या, आणि आरसीसीबी शांत राहिला. ज्या घरी बॅकअपचा इन्व्हर्टर आहे तिथे हा घोळ हमखास असतो, कारण इन्व्हर्टरची फेज नंतर ओढतात आणि न्यूट्रल जुन्याच वापरतात. प्रत्येक सर्किटची न्यूट्रल डीबीपर्यंत स्वतंत्र न्यायची आणि दोन्ही टोकांना नंबर लावायचे. माझ्या मते घरच्या वायरिंगमध्ये याइतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही.

एक गोष्ट एमसीबीला आणि आरसीसीबीला दोघांनाही दिसत नाही: ढिला जॉइंट. स्क्रू नीट आवळला नाही आणि तिथे अर्धा ओहम रेझिस्टन्स तयार झाला, तर १० अँपिअरला तिथे ५० वॉट उष्णता निघते, वाटाण्याएवढ्या जागेत. करंट १० च आहे, गळती शून्य आहे, सगळी रक्षक यंत्रणा समाधानी. सॉकेट पिवळा पडतो, मग वास येतो. म्हणून पाइपात आणि छताच्या आत जॉइंट नको, बहुतारी वायरच्या टोकाला लग दाबून बसवायची, आणि पॉवरच्या सॉकेटचे आणि डीबीचे स्क्रू काम झाल्यावर काही महिन्यांनी, मेन बंद करून, पुन्हा आवळून घ्यायचे. ढिल्या जॉइंटला ठिणगी उडत असेल तर ती ओळखणारं एएफडीडी नावाचं उपकरण मिळतं, पण ते आवळलेल्या स्क्रूची जागा घेत नाही.

काम पूर्ण झालं म्हणजे दिवे लागले, एवढंच बहुतेक घरमालक पाहतात. दिवे चुकीच्या वायरिंगवरही लागतात. वाचकांनी वायरमनकडून पाच गोष्टी मोजून आणि लिहून मागाव्यात: ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन, जे १ मेगाओहमपेक्षा कमी असू नये आणि नव्या वायरिंगला त्याच्या कितीतरी पट यावं, प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थ अखंड आहे का, फेज आणि न्यूट्रल उलट तर नाहीत, फॉल्ट लूपचा आकडा, आणि आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण अधूनमधून दाबून पाहावंच, पण ते फक्त खटका चालतो का एवढं सांगतं, अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही. प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवावेत, शेजारी मोजपट्टी धरून, म्हणजे दहा वर्षांनी खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल. सर्किटांच्या पानाची एक प्रत डीबीच्या दाराच्या आतून चिकटवावी, आणि त्यावर एमसीबीच्या आकड्याशेजारी वायरचा स्क्वेअरही लिहिलेला असावा. पुढे कोणी १६ काढून ३२ बसवायला आला तर त्या पानावर ‘२.५’ लिहिलेलं त्याच्या डोळ्यांसमोर असेल, आणि घरच्यांनाही त्याला तिथेच थांबवता येईल.

आपला विश्वासू,
एक परवानाधारक वायरमन